पंखा झटका देतो आणि थांबतो

१६ जानेवारी ८९, सोमवार
कॉम्प्युटर मेला. परवापर्यंत कुरकुरत का होईना चालत होता. मीच काल रविवार गाठून उघडला. जुना पॉवर सप्लाय काढून नवा बसवला, मेमरीच्या जादा चिप लावल्या. त्यासाठी आतला मदरबोर्ड पूर्ण बाहेर काढला होता. सगळं जागच्या जागी लावलं, झाकण बसवलं, बटण दाबलं. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही.
कशाला हात लावला.
नवरा, मोहन, रात्रपाळी करून खोपोलीहून आला, चहा घेतला, म्हणाला, "चालत्या गाडीचं चाक कोण बदलतं?" एवढंच बोलून झोपला. बरं झालं झोपला.

१७ जाने.
वनिता नि शकुंतला वेळेवर हजर. दोघी माझ्या टायपिंग क्लासच्या सगळ्यात चांगल्या मुली. तीस तारखेला रसायनीच्या एका कारखान्यात दोघींची परीक्षा. नोकरी टायपिस्टची, पण परीक्षा कॉम्प्युटरवर. टाइपरायटर दोघी डोळे मिटून चालवतात. कॉम्प्युटरला मात्र जेमतेम हात लागलाय. टाइप केलेलं फ्लॉपीवर कसं ठेवायचं, परत कसं आणायचं, हे अजून एकदाही नाही. मुंबईच्या ऑफिसातून निघालेला हा जुना डबा मी त्याच भरवशावर आणला. टाइपरायटर शिकायला आता येतंय कोण? हा चालला तर क्लास चालेल.
सांगितलं, बंद आहे. शकुंतलेचा चेहरा पडला. वनिता म्हणाली, "बाई, तुमी बोलत ऱ्हावा, आमी पुठ्ठ्यावर दाबतो." खरंच पुठ्ठ्यावर बटणं काढून बसल्या दोघी. पळसदरीहून चालत येते वनिता, घरी वालाच्या शेंगा तोडायचं काम सोडून. तिला पुठ्ठ्यावर शिकवायचं.

१९ जाने.
मुंबईच्या दुकानात फोन. "ले आओ, देख लेंगे. पंधरा-बीस दिन लगेगा." तोवर परीक्षा होऊन जाईल. मोहन म्हणतो टेंपोने पाठवू. टेंपोत हादरून उरलंसुरलंही जाईल.

२० जाने., शुक्र.
वायर तपासली, ठीक. फ्यूज ठीक. प्लगमध्ये वीज येते. मग नवा सप्लाय काढून जुना परत लावला. तरी तेच. म्हणजे सप्लायचा दोष नाही. मग चिप? माझा संशय चिपवरच. पण परत आत हात घालायची भीती वाटते. आधी बिघडलं ते हात घातल्यानेच.

२२ जाने., रविवार
आज वेगळंच झालं. लिहून ठेवते.
सासरे, अण्णा, क्लासच्या खोलीत पेपर शोधायला आले. भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये जन्म गेला त्यांचा. त्या घरघरीत कान गेले. निवृत्त झाल्यापासून बोलणंही जवळजवळ बंद. ऐकू येत नाही, सारखं काय काय विचारायचं, म्हणून गप्प. जेवायला बोलावलं की येतात, तेवढंच.
मी बटण दाबत होते. ते थांबले. जवळ आले नि डब्यावर तळहात ठेवला.
"परत दाब."
दाबलं.
"परत." मग म्हणाले, "येतंय गं. येऊन परत जातंय."
झाकण काढून पाहिलं. खरंच! पंखा एक बारीक झटका देतो आणि थांबतो. मी आठवडाभर पडद्याकडे बघत बसले होते. पंख्याकडे बघायचं सुचलंच नाही.
"कुठंतरी शॉर्ट हाय," म्हणाले. "म्हणून आत घेत नाय. आमच्याकडं लाईन अशी पडली तर एकेक फीडर, म्हंजी पुढं जाणारी लाईन, काढून बघायचो. समदं सोडव. मग बघ."
मी कानाशी ओरडून विचारायला लागले तर वैतागले. "वरडू नको, लिवून दे." टाइपरायटरवर कागद चढवला आणि टाइप केलं: उद्या सकाळी माझ्यासोबत बसाल का?
चष्मा लावून वाचलं. "बसतो की."

२३ जाने.
सकाळभर दोघं. एक वस्तू सोडवायची, वायर लावायची, दाबायची, वायर काढायची. अण्णा म्हणाले फ्लॉपीचा ड्राइव्ह असणार. मी टाइप केलं, चिप असणार. ड्राइव्ह सोडवला. झटका, बंद. पडद्याचं कार्ड काढलं. झटका, बंद. नव्या चिप एकेक करून काढल्या, नखं दुखेपर्यंत. झटका, बंद.
दोघंही चुकलो. अण्णा हसले. आवाज करून हसले. मोहन स्वयंपाकघरातून बघायला आला, कोण हसलं म्हणून.

२५ जाने., बुध.
उरला फक्त मदरबोर्ड नि पत्र्याचा डबा. अण्णांनी देवघरातला पाट आणला. "पत्र्यावरनं उचल त्याला. लाकडावर ठेव." बोर्ड पाटावर ठेवला, वायर जोडली, बटण दाबलं.
पंखा फिरला! फिरतच राहिला!
डबा उलटा केला तर एक बारीक स्क्रू टणकन खाली पडला. माझ्याच हातून त्या रविवारी निसटून बोर्डाखाली गेलेला. इतका बारीक, नि तोच शॉर्ट. आता नव्या चिप सोडून सगळं परत बसवलं, पंखा छान फिरतो. पडदा मात्र काळाच.
अण्णा म्हणाले, "आज अर्धं झालं. उद्या अर्धं."

२६ जाने.
शाळेत झेंडावंदन. घरी आल्यावर परत बसलो. पडदा काळाच. वनिता घरून शेंगांची पोपटी घेऊन आली, मडक्यातून नुकतीच काढलेली. तिघांनी वर्तमानपत्रावर बसून खाल्ली. मडक्यात घातलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास अजून खोलीत आहे. तिने विचारलं, "होईल का वो बाई?" मी हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

२८ जाने., शनि.
झाला!!
पडद्याचं कार्ड काढून पाहिलं. खालची सोनेरी कड काळवंडलेली. टाइपरायटरच्या खोडरबराने हलकेच घासली, स्वच्छ पुसली, खाचेत घट्ट दाबून बसवली. बटण. पंखा. मग टीं अशी एकच शिटी, आणि कोपऱ्यात पिवळी अक्षरं.
अण्णांना शिटी ऐकू आली नाही. माझं तोंड बघून कळलं त्यांना. टेबलावर दोनदा थाप मारली नि उठून बाहेर गेले. डोळे पुसायला, मला वाटतं.
नव्या चिप अजून बाहेरच. काढताना एकीचा पाय वाकलाय. जुनी मेमरी कमी आहे, पण छोटा प्रोग्रॅम चालतो. तो बस झाला.
दुपारी दोघी मुली. वनिताने नाव टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. "पुसलं, नि कागुद फाटला नाय!" शकुंतलेनं फ्लॉपीवर ठेवलेलं परत उघडलं तेव्हा दोघी टाळ्या पिटायला लागल्या. उद्या रविवार असून येणार.

३० जाने., सोम.
सकाळच्या एसटीने गेल्या. संध्याकाळी परत. तिथला पडदा हिरवा, बटणं कडक. शकुंतला घाबरली पण पान पूर्ण केलं. वनिताच्या दोन चुका, तिच्या मते. साहेब म्हणाले, कळवतो. किती मुली होत्या विचारलं तर म्हणाल्या, खोली भरली होती.

२ फेब्रु., गुरु.
काही कळलं नाही अजून. क्लासला दोन नवीन मुली चौकशी करून गेल्या. एक म्हणाली, इथं कॉम्प्युटर आहे ना? आहे, म्हटलं.
वनिता आज आली ती टाइप करायला बसलीच नाही. "बाई, आतलं दाखवा ना."
"नोकरी टायपिंगची आहे गं, आतल्याची नाही."
"नोकरी लागंल न लागंल. ह्ये चालतं कसं ते तर बघू द्या."
चालता डबा परत उघडायचा जीव होत नाही. पण तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक आहेत, चिपचा तो वाकलेला पाय सरळ होईलही. तुटला तर...
टाइप करून अण्णांना विचारलं, रविवारी उघडू का? कागद वाचला, खिडकीकडे बघितलं.
"सकाळीच बसा. या टेबलावर ऊन चांगलं येतं."