टेंटर स्ट्रीटचा रविवार

१५ जानेवारी, रविवार

आज पुन्हा तेच! माझ्या गाडीला पुढून-मागून चिकटून दोन परक्या गाड्या. मध्ये हात जाईल एवढीच फट. दोन ते चार इस्पितळाची भेटीची वेळ, आणि आमची गल्ली म्हणजे त्यांचं फुकटचं वाहनतळ. इस्पितळाच्या आवारात पैसे पडतात ना! एकतीस घरं, एकालाही अंगण नाही, दार उघडलं की थेट फुटपाथ. गाड्या रस्त्यावरच लावायच्या, आणि रस्ता दुसऱ्यांचा.

माझी गाडी नाताळापासून हललेली नाही. हलवली की जागा गेली. दुकानात चालत जातो. बटाटे अर्धेच आणतो.

माझ्या बायकोला, ऑड्रीला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. ज्युडिथ त्यानंतर या घरात आलेली नाही. विचारलं की एकच, "गाडी कुठे लावू, बाबा?"

१९ जानेवारी, गुरुवार

नॉर्मन आला. नऊ नंबरच्या घरातला, चाळीस वर्षं बस चालवली, अजून बोलतो ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं असं. हातात कागद. रहिवाशांसाठी परवाना योजना हवी असा कौन्सिलला अर्ज. परवाना नसेल त्याने इथे गाडी लावायची नाही, लावली तर दंड.

"लेन, सही कर. वाचत काय बसलायस, मृत्युपत्र नाहीये."

पहिली सही माझी. मला वाटतं, गेल्या दोन वर्षांत मी मनापासून केलेलं हे पहिलं काम.

८ फेब्रुवारी, बुधवार

ज्युडिथचा फोन. बुधवारी, साडेसहाला, पाच मिनिटं. लीड्सला पाऊस, इथे पाऊस. मग मी योजनेचं सांगितलं. म्हटलं, मग तुला अगदी दारात जागा मिळेल.

तिने विचारलं, "रविवारीसुद्धा?"

म्हटलं, अजून नाही, कौन्सिलच्या पत्रात सोमवार ते शनिवार लिहिलंय.

"बरं," म्हणाली. "मग ठीक आहे."

ठीक कसलं! दातांच्या डॉक्टरकडे नोकरी, सोमवार ते शनिवार दवाखाना. तिला मोकळा एकच दिवस, आणि नेमका तोच योजनेत नाही. म्हणून तर विचारलं तिने. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभा होतो. दोन वर्षांत तिने पहिल्यांदा इथल्या जागेबद्दल स्वतःहून काही विचारलं.

रविवार मिळवायचाच.

२ मार्च, गुरुवार

चर्चच्या हॉलमध्ये सभा. चहाचं मोठं पिंप, कोरडी बिस्किटं, भिंतीवर नकाशा. कौन्सिलचा तरुण अधिकारी सगळ्यांशी इतका गोड बोलत होता की राग धरता येईना. परवाना वर्षाला पस्तीस पौंड, शिवाय पाहुण्यांसाठी वर्षाला पंचवीस कार्डं, एक कार्ड म्हणजे एका गाडीला एक दिवस, त्यावरची तारीख खरवडून गाडीच्या काचेला लावायची. सगळे "छान, छान" म्हणत होते. आमच्याकडे सभेत कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं ते घरी जाऊन, फॉर्मवर.

मी उभा राहिलो. म्हटलं, रविवार धरा. इस्पितळाची सगळ्यात जास्त गर्दी रविवारीच असते.

नॉर्मनने कोट ओढला. "बस खाली. सोमवार ते शनिवार पदरात पडतंय ते घे."

समोरच्या घरातली नसरीन उठली. ती चिडलेली नव्हती, पण तिने सोडलं नाही. "लेनर्ड, रविवारी माझ्याकडे बारा माणसं जेवायला असतात. नणंदा, दीर, त्यांची पोरं. पंचवीस कार्डं माझ्याकडे दोन महिन्यांत संपतील. मग त्यांनी काय कौलांवर उतरायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण बसलो नाही.

अधिकारी म्हणाला, फॉर्मवर दोन प्रश्न ठेवू. योजना हवी का? झालीच तर सहा दिवस की सात? घरटी एक मत.

३ मार्च, शुक्रवार

झोप नीट झाली नाही. इथे एकदा लिहून टाकतो, दुसरीकडे कुठे बोलणार.

ऑड्री गेली तो दिवसही रविवारच होता. इस्पितळातून तिला घरी आणलं होतं, तिलाच तसं हवं होतं. दुपारी एकला श्वास बदलला. ज्युडिथला फोन केला. सव्वा तासात ती गल्लीच्या तोंडाशी पोचली — आणि जागा नाही. इथे नाही, मागच्या गल्लीत नाही, इस्पितळात रांग. गोल गोल फिरत राहिली. गाडीतून फोन केला, "बाबा, तुमची गाडी काढा ना, मी तिथे घुसवते."

माझी गाडी दारातच होती. मी नाही म्हटलं. म्हटलं, तीन वाजता नर्स यायची आहे, तिला जागा द्यायला गाडी तेव्हा काढीन; आत्ता काढली आणि दुसरा कुणी घुसला तर तिला जागा राहणार नाही. नर्स म्हणजे मॉर्फिन. तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटलं. आयुष्यभर ही जागा राखली होती, सवयीने तसंच वागलो. शिवाय ऑड्रीला एकटं सोडून खाली जायचं नव्हतं, हेही खरं. पण आधी तोंडातून आली ती जागा.

ज्युडिथ पाऊण मैलावर गाडी लावून पळत आली. दहा मिनिटं उशीर झाला.

दफन झाल्यावर, लोक सँडविच खात होते तेव्हा, ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुम्ही जागा सांभाळलीत, बाबा." आवाज चढवला नाही. प्लेट खाली ठेवली आणि गेली.

२१ मार्च, मंगळवार

फॉर्म मोजले. चोवीस घरांनी पाठवले. योजना हवी — सतरा विरुद्ध सात. सहा दिवस की सात — बारा, बारा! अधिकाऱ्याने नॉर्मनला कळवलं, शुक्रवारपर्यंत कुणाला मत बदलायचं असेल तर लेखी द्या, नाहीतर सहाच दिवस.

नॉर्मन म्हणतो, "मिळालं त्यात खूश राहायला शिक जरा. थोबाड बघ, जसं काही हरलास."

२३ मार्च, गुरुवार

नसरीनकडे गेलो. एकोणीस वर्षं समोरासमोर राहतो, आत पहिल्यांदाच गेलो. कचऱ्याच्या डब्यांचा दिवस, हवापाणी, ईदला तिने पाठवलेली शेवयांची वाटी, आमचं बोलणं तेवढंच. तिने चहा केला, दूध आणि वेलदोडा घालून उकळलेला. मी इकडचं तिकडचं बोलत बसलो. शेवटी तीच म्हणाली, "चहासाठी आला नाहीत, लेनर्ड. बोला."

सांगितलं. सगळं नाही. म्हटलं, मुलीला रविवारीच सुट्टी असते. जागा मिळत नाही म्हणून येत नाही. जागा मिळाली की येणार आहे.

येणार आहे असं ज्युडिथ कधीच म्हणाली नव्हती. तरी मी म्हटलं.

नसरीनने माझा कप पुन्हा भरला. "ऑड्रीच्या वेळी आली होती ती. गल्लीतून पळत येताना पाहिली होती मी." मग म्हणाली, "बारा जण महिन्यातून एकदाच, दोन गाड्यांत कोंबून येतील. नणंद थोडी कमी बोलेल, तेवढंच बरं. कागद आणा."

दाराशी पोचलो तर हळूच म्हणाली, "आली की मला दाखवा हं."

२४ मार्च, शुक्रवार

तेरा विरुद्ध अकरा. सात दिवस.

१२ जून, सोमवार

दिव्याच्या खांबांना पिवळ्या नोटिसा बांधल्या. एकवीस दिवसांत कुणीही लेखी हरकत घेऊ शकतो, इथे राहत नसला तरी.

नॉर्मन रोज खांबाशी जाऊन नोटीस जागेवर आहे की नाही बघतो.

१८ जुलै, मंगळवार

हरकती फेटाळल्या, योजना मंजूर. सप्टेंबरपासून सुरू. नॉर्मनने बिअर आणली. "आपण जिंकलो रे!" मी अर्धा ग्लास घेतला. आनंद व्हायला हवा होता. भीती वाटत होती. आता तिच्याकडे नाही यायला काय कारण उरणार, असं मनात आलं, आणि ते काही आनंदानं आलं नाही.

४ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. दुपारी दोनला गल्ली रिकामी. पंधरा वर्षांत पलीकडचा फुटपाथ इतका सरळ दिसला नव्हता. पावत्या फाडणारा माणूस दोनदा फिरून गेला, त्याला काहीच मिळालं नाही.

माझी गाडी गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन लावली. दारासमोरची जागा मोकळी ठेवली.

६ सप्टेंबर, बुधवार

फोन. म्हटलं, रविवारचंही झालं, मी मागून घेतलं. दारात जागा आहे. पाहुण्याचं कार्ड काढून ठेवलंय.

"रविवारचंही?"

"हो. तुला तोच दिवस असतो ना."

तिला खोकला आला. मग म्हणाली, "तुम्ही खूप धडपड केलीत, बाबा." येतेस का विचारलं. "बघते."

१० सप्टेंबर, रविवार

मटण भाजलं, पुदिन्याची चटणी केली. बटाटे पूर्ण पिशवी. साडेचारला झाकून ठेवलं. नसरीनचे पाहुणे दोन गाड्यांतून आले, पोरं मांडीवर. तिने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि पडदा सोडला. तिला तोंड कसं दाखवू?

१७ सप्टेंबर, रविवार

नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

नाही. गल्ली इतकी शांत आहे की लांबून गाडी वळली तरी ऐकू येते. प्रत्येक वेळी उठतो. आज सात वेळा उठलो. सगळ्या इथल्याच.

आता स्वतःशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. जागेचं निमित्त होतं. तिला मी नको आहे. ते निमित्त मीच काढून घेतलं, म्हणजे आता तेवढाही आडपडदा राहिला नाही. नॉर्मनचं ऐकायला हवं होतं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

मागच्या गल्लीलाही योजना हवी आहे, म्हणून नॉर्मनने आमच्या वेळचा कौन्सिलचा सगळा अहवाल छापून आणला. "हरकती वाच, करमणूक आहे," म्हणाला. हरकत घेणाऱ्यांची नावं खोडलेली. पहिल्या तीन इस्पितळातल्या नोकरांच्या. चौथी इथे जशीच्या तशी उतरवतो —

"माझे वडील या रस्त्यावर राहतात. आई गेल्यापासून मी त्यांच्या घरात जाऊ शकलेली नाही. महिन्यातून दोन-तीन रविवारी मी येते. लांबच्या टोकाला गाडी लावते. गाडी बदलली आहे, त्यांना ओळखू येत नाही, आणि इतक्या गाड्यांत कुणाचं लक्षही जात नाही. तासभर बसते. ते दिवा लावतात, पडदे ओढतात, मग मी जाते. गेल्या महिन्यात उतरून त्यांच्या दारापर्यंत गेले होते. मला अजून थोडा वेळ हवा आहे. बाकीचे सहा दिवस घ्या, पण रविवार सोडा."

खाली अधिकाऱ्याचं उत्तर — "हरकत अमान्य. रविवारचा समावेश रहिवाशांच्या आग्रहावरून केला आहे."