मार्चअखेर प्रेमळ होणे

३ जानेवारी
कंपनीत दिवसभर वर्कशॉप. ट्रेनरबाई म्हणाल्या, उद्दिष्ट गाठून मोकळं होता येतं, मूल्य रोज जगावं लागतं, ते कधी ‘झालं’ असं होत नाही. पॅकिंगमधल्या कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. मला लगेच कळलं. उगाच सुपरवायझर नाही झालो. ‘माझं मूल्य’ या रकान्यात लिहिलं: प्रेमळ मुलगा होणे. पुढे मुदत टाकली, ३१ मार्च. बाई कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

४ जानेवारी, सकाळी ७
ताईचा फोन. बाबा तिच्याकडे असतात. डॉक्टर म्हणाले, नजर फार तर दोन-तीन महिने. सोंगट्या दिसतायत तोवर तुझ्याशी बुद्धिबळ खेळायचंय म्हणतात, दुसरं काही मागत नाहीत. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण योगायोग बघा, मुदत तंतोतंत जुळली! तक्ता आखला: महिन्याला दोन डाव, मार्चअखेर सहा. फ्रिजवर लावला. बायको म्हणाली, एवढ्या वेळात जाऊन एक डाव खेळून झाला असता. तिला प्लॅनिंग कळत नाही.

३१ जानेवारी
डाव शून्य. नवीन मशीन बसवत होते, मी नसलो तर तिथे कोण बघणार? जानेवारीचे दोन फेब्रुवारीत ढकलले. झेपेल.

९ फेब्रुवारी
गेलो! बाबांनी पट मांडून ठेवलेला. ताई म्हणाली, सकाळी सहापासून. बाबा एकेका चालीला दहा मिनिटं लावतात. मधेच मी लहानपणी प्यादं गिळलं होतं ती गोष्ट. अशाने चार डाव कधी व्हायचे? मी भराभर खेळलो. तीन उरकले. तिन्ही जिंकलो. बाबा म्हणाले, खेळतोस छान, पण बसत नाहीस. वय झालं की माणूस असं काहीतरी बोलतो. तक्त्यावर तीन बरोबरच्या खुणा. पन्नास टक्के!

२ मार्च
फेब्रुवारीतला चौथा राहिला. मला सर्दी. बाबा फोनवर म्हणाले, काळं-पांढरं आता सारखंच दिसतं. मी धीर दिला, अजून एकोणतीस दिवस आहेत. तक्ता वाचून दाखवला. झाले तीन, राहिले तीन. ते बरं म्हणाले.

१६ मार्च
ट्रेनरबाई पुन्हा आल्या. अख्ख्या कंपनीत तक्ता फक्त माझ्याकडे. त्यांनी विचारलं, एकतीस मार्चनंतर काय? म्हटलं, एप्रिलपासून वजन कमी करणे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.

२९ मार्च
गेलो. बाबांना आता काहीच दिसत नाही. घोडा चाचपून ओळखतात. बघवलं नाही. सहाची बस आहे, हे आधीच सांगून ठेवलं. पहिला डाव बारा मिनिटं, दुसरा नऊ, तिसरा पाच. डोळ्यांबरोबर खेळही गेला बिचाऱ्यांचा. या वेळी प्याद्याची गोष्टही काढली नाही. सहापैकी सहा, तेही दोन दिवस आधी.

३१ मार्च
ताईचा फोन. बाबांनी पट शेजारच्या मास्तरांकडे पाठवून दिला. म्हणाले, त्याचे सहा झाले.

मी म्हटलं, बरोबरच आहे, त्यांना आता खेळता कुठे येतं? ताई म्हणाली, दिसेनासं झाल्यापासूनही ते मास्तरांना रोज हरवतात, अख्खा पट डोक्यात असतो. परवा तिन्ही डावांत वजीर मुद्दाम तुझ्या हत्तीसमोर नेऊन ठेवला. मी विचारलं का, तर म्हणाले, त्याची बस चुकली असती.

तक्ता अजून फ्रिजवर आहे. एप्रिलचा लावायला जागा नाही.

बस चुकली नाही. पाचचीच मिळाली होती, खिडकीजवळची सीट.