नळाची घंटा

बाई, काल तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्या मुलीला स्पर्धेतून बाहेर काढलं. कारण काय, तर काम तिचं नाही, आईनं करून दिलंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे कुणाला सांगावं असा विचार करत बसले तेव्हा तुमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांपुढे येईना. म्हणून आज दुकान उघडलं, झाडलोट केली आणि काउंटरवरच लिहायला बसले.

मी काय करते ते तुम्हाला माहीत नाही. नवरा श्रीपूरला साखर कारखान्यात हंगामी कामाला आहे, त्यामुळे बाराही महिने घर चालतं ते माझ्या या शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानावर. आधी मी नुसतं थर्माकोल, कार्डशीट, रंग असलंच विकायचे. एकदा एक आई थर्माकोल घेऊन गेली आणि थोड्या वेळानं तसंच परत घेऊन आली. म्हणाली, "ताई, तुमीच करून द्या की. मला लई वैताग आलाय." दिलं करून. पुढच्या वर्षी तिच्या जावेचा मुलगा आला, मग शेजारणीचा. आता तर दिवाळी झाली की शिक्षकच मुलांना माझ्याकडे पाठवतात. सिरिंजांवर हलणारा जेसीबी, ज्वालामुखी, ठिबकवरचा ऊस. तक्ता मी लिहिते, त्यावरचा 'मला ही कल्पना कशी सुचली' हा मजकूरही मीच लिहिते आणि परीक्षकांपुढे काय बोलायचं ते मुलांकडून पाठही करून घेते. पाठांतराचे वेगळे पैसे घेत नाही, तेवढी मी सरळ आहे.

तुम्ही असता तर या दुकानाची पायरी चढला नसता. मला अजून तुम्ही दिसता आपल्या शाळेच्या त्या प्रयोगशाळेत, दोन्ही हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. मुलांचं काम बघत फिरताना तुमचे हात कधी पुढे यायचे नाहीत. मी पुठ्ठ्याचा पेरिस्कोप केलाय आणि त्यातून छताशिवाय काही दिसत नाहीये. तुम्ही वाकून डोळा लावता, बराच वेळ बघता आणि म्हणता, "पंखा छान दिसतोय की." वर्ग हसतो. मी रडवेली होऊन म्हणते, बाई, आरसा तुम्हीच लावून द्या. तुम्ही दुधनीकडच्या, चिडलात की तोंडात कानडी यायचं. "साकू," तुम्ही म्हणता, म्हणजे पुरे. "माझा हात लागला की ते माझं झालं. मग तू काय केलंस?" दुसऱ्या दिवशी थोरल्या भावानं आरसे बसवून दिले, तर तुम्ही ते लगेच ओळखलंत आणि सगळ्यांसमोर मला ते काढायला लावलेत. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की घरी जाऊन जेवले नव्हते. शेवटी आरसा कसा तिरका करायचा ते माझं मलाच सापडलं. प्रदर्शनात नंबर आला नाही. शाळा सोडताना तुम्ही मला एक पकड दिलीत, लाल मुठीची. त्याच पकडीनं मी आज दुसऱ्यांच्या मुलांच्या तारा पिळते.

आता मुलीचं सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, आणि ज्या दिवशी असतं त्या दिवशी कधी येईल याचा नेम नसतो. घरातल्या कुणीतरी नळाची राखण करत बसायचं. यंदा तिनं नळाखाली एक लाकडी पट्टी आडवी बसवली. एका टोकाला दह्याची रिकामी वाटी, दुसऱ्या टोकाला खडे. वाटीत पाणी पडलं की ते टोक खाली जातं, दोन तारा एकमेकींना टेकतात आणि दारावरची जुनी घंटा वाजते. पण पाण्याच्या आधी नळातून नुसती हवा फुसफुसत येते आणि तेवढ्यानंच पट्टी हलायची. घंटा वाजायची, शेजारीण बादली घेऊन धावायची आणि नळ कोरडाच. मग तिनं खडे वाढवले, तर घंटा फारच उशिरा वाजायला लागली. कमी केले, पुन्हा वाढवले. मी तेव्हा दुकानात लोकांचे ज्वालामुखी रंगवत होते. खड्यांचं वजन जुळेपर्यंत पोरगी शाळेतून आली की नळापुढे बसून असायची, हे सगळं मला नंतर त्या शेजारणीकडून कळलं.

प्रदर्शनात तिनं हे सगळं सांगितलं. अडखळत, मधेच थांबत, पाठ न केलेलं माणूस सांगतं तसं. तरुण परीक्षक ऐकत होते. त्यांच्याबरोबरच्या वयानं मोठ्या परीक्षक सरांनी मात्र मागे उभ्या असलेल्या मला बघितलं आणि हसले. "ही दुकानवाल्या ताईंची पोरगी व्हय? मग विषयच मिटला की." कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला बाजूला घेऊन अगदी मायेनं म्हणाले, "ताई, तुमच्या घरचं मूल स्पर्धेत उतरवलं तर बाकीच्या पोरांवर अन्याय होतो. तुमीच विचार करा." हे सर दरवर्षी स्वतःच्या वर्गातली मुलं माझ्याकडे धाडतात. हॉलमध्ये जिकडे बघावं तिकडे माझंच काम मांडलेलं होतं आणि त्यात मी न केलेली एकच वस्तू अन्यायाची ठरली. माझ्या अंगाची लाही झाली.

पहिला नंबर ठिबकवरच्या उसाला मिळाला. उजनीकाठच्या एका गावातली मुलगी. तिचे वडील मोटारसायकलवरून दुकानात आले होते मॉडेल न्यायला, चादरीत गुंडाळून पोटाशी धरून नेलं होतं. निकालानंतर ती पळत माझ्याकडे आली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, आपला नंबर आला." माझी मुलगी शेजारीच उभी होती.

हरकत घ्यायला उद्यापर्यंत वेळ आहे. पण हरकत घ्यायची म्हणजे काय लिहू? माझ्या मुलीचं काम तिचंच आहे हे पटवायचं तर माझा हात कसा असतो ते दाखवावं लागेल, आणि तो दाखवायचा तर बाकीच्या टेबलांकडे बोट करावं लागेल. त्या उजनीकडच्या पोरीचा नंबर जाईल. तिनं काय वाईट केलंय, शिक्षकांनी सांगितलं तिथे आली. उद्यापासून दुकानात कुणी फिरकणार नाही. आणि गप्प बसले तर माझी मुलगी या शाळेत आहे तोवर तिनं काहीही केलं तरी ते माझंच ठरणार. तुम्ही म्हणाल, सोप्पं आहे, खरं ते सांग. तुम्हाला सोपं होतं, बाई. तुम्हाला पगार होता. रागावू नका, पण काल तुमचासुद्धा राग आला मला. हात पाठीमागे बांधून फिरायला पाठीमागे काहीतरी आधार लागतो.

काल घरी आल्यावर मुलगी जेवली, तिनं अभ्यास केला. मी म्हटलं, चल, आपण सरांशी बोलू. तर म्हणाली, "नको. पुढच्या वर्षी तूच कर की आई. नायतरी तुझंच म्हणतात." आवाज चढवला नाही, काही नाही. मला एकच गोष्ट सारखी टोचत होती. परीक्षक बोलत होते तेव्हा तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. इतर मुलं रडवेली झाली की आईला शोधतात. ही समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

बाई, तिनं का बघितलं नाही ते मला माहीत आहे. प्रदर्शनाच्या आधी एकदा दुकानातून मी दमून आले होते, पाणी आलं, आणि घंटा पहिल्यांदा बरोबर वाजली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "कुणी करून दिलं गं?"