पहिल्या थव्याची तारीख

५ नोव्हेंबर २०२५

फजिती! पक्षीमित्रांच्या जागतिक मंचावर मी मोठ्या ऐटीत नोंद टाकली — ०३/११, भिगवण, पट्टकदंबांचा पहिला थवा. टेक्ससच्या कॅरलबाईंचं उत्तर आलं — अकरा मार्चला? फार उशीर केला यंदा! त्यांच्याकडे तारखेत महिना आधी लिहितात. बेचाळीस देशांत वाद पेटला. शेवटी तारीख कशी लिहायची ते ठरवायला समिती नेमली, आणि तीत मी! निवृत्त मास्तराला कुणीतरी काही विचारलं, याचाच आनंद जास्त.

८ नोव्हेंबर

प्रस्ताव लिहिला. दिवस आधी, मग महिना. सुरुवातीलाच ठसकेबाज वाक्य — 'तारीख चुकली की नोंद मेली!' तीनदा मोठ्यानं वाचलं. बायको म्हणाली, आधी दुधाखालचा गॅस बंद करा.

१२ नोव्हेंबर

अजितच्या होडीतून पक्षी बघायला गेलो. माझा जुना विद्यार्थी. त्यालाही ते वाक्य ऐकवलं. वल्हं थांबवून हसला.

"गुरुजी, तारखंचं तुमी नका सांगू! आमचा अख्खा वर्ग एक जूनला जन्मलाय. तुमीच लिवलंय!"

खरंच की! कुणाकडेच जन्मदाखला नसायचा, शाळा जूनला उघडायची, सरसकट एक जून. तेव्हा सगळेच मास्तर असं करायचे — एवढं बोलून मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

मग तो हळूच म्हणाला, "पोरगी इचारती, पप्पा, तुमचा केक कधी? खरी तारीख म्हाईतच न्हाय. आई म्हणती, एकोणनव्वद साली ती मोठी बदकं आली, त्याच दिवशी झालो."

ती मोठी बदकं म्हणजे माझे पट्टकदंबच की!

१३ नोव्हेंबर

माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. शिंकून बेजार. सापडली! 'रविवार, १९ नोव्हेंबर १९८९. पट्टकदंब, पहिला थवा, बावीस. सकाळी सात दहा.' पक्ष्यांचं मिनिटसुद्धा सोडलं नव्हतं मी! पोरांना मात्र एक जून. लाज वाटली.

१७ नोव्हेंबर

मंचाचा निकाल — वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. माझ्या प्रस्तावाला चार मतं. त्यातलं एक माझं.

१९ नोव्हेंबर

केक घेऊन अजितकडे गेलो. वही दाखवली. तो तारखेवरून बोट फिरवत राहिला. त्याची पोरगी श्रेया नाचत होती. त्याची आई प्रयागबाई तेवढी शांत.

"गुरुजी, शाळंत नाव घालायला आले तवा हेच सांगितलं हुतं की मी. तुमी हसलासा."