जावयाचं कलम

कोरेगाव,
ता. १७ ऑक्टोबर १९७४

ती. सौ. शालाक्कास,

मनूचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचे नवरात्राचे उपवास चालू आहेत आणि उपवासात तिचा राग कसा वाढतो हे तुला सांगायला नको. आबांचा गुडघा थंडीच्या आधीच बोलायला लागलाय. म्हैस व्यायली, रेडी झाली. कृष्णातदादा सोडला तर घरात सगळ्यांना झोप लागते.

दादाच्या झोपेचंच काम घेऊन हे पत्र लिहिते आहे. म्हणजे काम दादाचं, मी नुसती लिहिणारी, असं समज.

दिवाळीनंतर तुमच्या सांगलीला फुटबॉलची स्पर्धा आहे आणि आपले दाजी तिच्या कमिटीवर आहेत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आपल्या तालमीचा संघ यंदा उतरणार. आबांनी पलटणीतून येताना ट्रंकेतून चेंडू आणला तेव्हापासून तालमीतली पोरं कुस्ती विसरलीत, आणि दादा तर जेवायलाही विसरतो. पण कमिटीचा नियम असा, की संघात बाहेरगावचे दोनच खेळाडू चालतील, बाकी सगळे गावचेच हवेत. आपले दोन आधीच झाले. खंडाळ्याचा बाळासो गोलकीपर आणि त्याचा मावसभाऊ. बाळासो चांगला आहे, पण मावसभावाला घेतल्याशिवाय तो येत नाही, आणि मावसभाऊ मैदानात नुसता चेंडूची वाट अडवून उभा असतो. त्या दोघांची नावं दादाने घाईघाईने गणपतीतच पाठवून दिली. आता कळलं की एकदा पाठवलेलं नाव काढता येत नाही.

आणि मग लालासाहेबाचा खेळ दिसला.

हा कवठे महांकाळचा. स्टँडजवळ धुळाप्पांच्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानात कामाला आला, संध्याकाळी सहज म्हणून मैदानात उतरला आणि त्याने बाळासोला सारखं जाळ्यातून चेंडू काढायला लावलं. दादा त्या दिवशी घरी आला तो हसतच. पण लाला पडला बाहेरगावचा तिसरा. इथे राहून त्याला वर्षही झालेलं नाही, त्यामुळे रहिवासी म्हणूनही तो बसत नाही.

आता दाजींनी घातलेलं ते कलम. गेल्या साली कुणा घरजावयाला बाहेरचा म्हणून बाद केलं आणि त्याची सासरवाडी काठ्या घेऊन मैदानात उतरली, म्हणून यंदा कमिटीने लिहिलंय की गावचा जावई गावचाच खेळाडू धरावा. तालमीचे भाऊसोकाका आपल्या सोप्यात बसून हे मोठ्याने वाचत होते. वाचून त्यांनी दादाकडे बघितलं. दादाने आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. अक्का, माझं लग्न तेवढ्यात ठरलं, चहासुद्धा गार झाला नव्हता.

अडचण एकच. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लग्नं लागत नाहीत, आणि खेळाडूंची नावं ह्या महिनाअखेर बंद होतात. दादा म्हणाला, "कोर्टात कुठं चातुर्मास आसतोय?" आबा त्याच्यावर असे खेकसले की म्हैस उठून उभी राहिली. भावकी तोंडात शेण घालेल म्हणाले. मग भाऊसोकाकांनी तोड काढली. "आवं, दसऱ्याला सुपारी फोडू. सुपारी फुटली की आपन जावईच म्हनतो का न्हाई? मग कमिटीनंबी म्हनावं." सगळ्यांना हे पटलं. येत्या रविवारी दाजींच्या कमिटीची बैठक आहे, तिथे हे ठरायचं आहे, की नुसती सुपारी फुटलेला माणूस जावई धरायचा की नाही. दादाने दाजींना वेगळं पत्र घातलंय. त्यात त्याने 'आमचे जावई' असं आत्तापासूनच लिहून टाकलंय.

मला ह्यात काही म्हणायचं नाही. घरचे माझ्या वाईटावर नाहीत. मुलाला हातात कसब आहे, घरी थोडी जिराईत आहे, एकटी आई आहे. माणूस कसा आहे ते मला काय माहीत. कमी बोलतो. चपला दाराबाहेर सरळ लावून ठेवतो. चहा प्यायला की कप स्वतः मोरीत नेऊन ठेवतो, आणि आई 'राहू द्या' म्हणाली की कानाच्या पाळीपर्यंत लाल होतो. ह्यापलीकडे मी बघितलेलं नाही.

तू हसते आहेस. हस. पण मला कसली भीती वाटते ते ऐक. सुपारी फुटली आणि आपला संघ हरला, तर मुलीचा पायगुण म्हणतील. संघ जिंकला आणि लाला ढाल दादाच्या हातात देऊन कवठ्याच्या गाडीत बसला, तर मी सुपारी मोडलेली पोर होऊन बसेन. कुणी असं मुद्दाम करणार नाही. पण ज्या कामासाठी आणलं ते काम झालं की माणूस वस्तू जागेवर ठेवून देतो, आणि इथे वस्तू मी आहे. रात्रंदिवस माझ्या डोक्यात हेच चालू असतं. भाकरी करपतात आणि आईला वाटतं मी लाजते आहे.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. परवा विहिरीवरचं इंजिन बंद पडलं म्हणून धुळाप्पांनी त्यालाच पाठवलं. मी आबांची भाकरी घेऊन गेले होते, आबा पाट बघायला पलीकडे गेलेले. त्याने हात पुसले, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्या घरात जे चाललंय, ते तुमाला कुनी इचारलं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

"मलाबी न्हाई," तो म्हणाला.

मग आम्ही दोघं हसलो, अक्का. पहिल्यांदा कुणाबरोबर तरी ह्या गोष्टीवर हसले. त्याने पुन्हा तोंड उघडलं, "मला इचारलं आसतं तर मी काय सांगितलं आसतं..." आणि तेवढ्यात आबांची हाक आली. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात राहिलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात ते पुरं होत नाही. कधी ते चांगलं पुरं होतं, कधी वाईट.

मला तो आवडतो. लिहून टाकलं. आता दादाचं काम बाजूला ठेव आणि माझं ऐक. दाजींना सांग, सुपारी धरू नका. खोटं बोला असं मी म्हणत नाही, लग्न लागल्याशिवाय जावई नाही हे खरंच आहे. नियम आड आला तर आपल्या घराला त्याची गरज उरणार नाही. मग तो आला तर माझ्यासाठी आला हे मला कळेल. नाही आला तर तेही कळेल. दाजींना कारण सांगू नकोस, ते कमिटीत बोलून दाखवतील.

मुलांना माझा गोड पापा.

तुझी धाकटी,
मनू


कोरेगाव,
ता. ५ नोव्हेंबर १९७४

ती. सौ. अक्कास,

मनूचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तू माझ्यावर रागावली नाहीस ह्याचं बरं वाटलं, पण तू 'शाबास' लिहिलंस ते वाचून मला रडू आलं, कारण तोवर मी माझ्या मागण्याला पस्तावले होते.

दाजींचं कार्ड दसऱ्याच्या आधीच आलं होतं. सुपारी धरली जाणार नाही, लग्न लागलेलं असलं तरच जावई. दादाने ते तीनदा वाचलं आणि चुलीत टाकलं. घरात जी गडबड होती ती एका दुपारीत विझली. आईने आणलेलं पातळ परत ट्रंकेत गेलं. मला कुणी काही बोललं नाही, त्याचंही नाव कुणी काढलं नाही. मीच मागितलेलं मला मिळालं होतं आणि मी मोरीत बसून भांडी दोनदा घासत होते.

दसऱ्याला सगळी तालीम सोनं द्यायला आपल्या दारात आली. तो आला नाही. मी आपट्याची पानं हातात घेऊन दिवेलागणीपर्यंत दारात होते. आई म्हणाली, आत ये, गार वारं सुटलंय. दुसऱ्या दिवशी कळलं, धुळाप्पांकडून सुट्टी घेऊन तो गावी गेला. मी मनाला सांगितलं, बरं झालं, कळलं. पण मन ऐकतं का? दारात सायकल वाजली की मी काहीतरी हातातून सांडायची.

महिनाअखेरीला दादा आपली यादी द्यायला सांगलीला गेला. तुझ्याकडे जेवला तेव्हा काही बोलला नाही असं तू लिहिलंस. तो घरी येऊन बोलला. लालाचं नाव कवठे महांकाळच्या संघात लागलं होतं. तो तिथलाच, त्याला कुणाचा दाखला नको, कलम नको. दादा अंगणात येरझाऱ्या घालत होता. "आमच्या मैदानावर खेळला, आमचे सगळे डाव बघितले, आन् आता आमच्याच समोर." त्याने त्याला घरभेद्या म्हटलं. मी ऐकत होते आणि अक्का, मलाही तसंच वाटलं. माझ्यासाठी नाही आला ते नाही, वर आपल्या विरुद्ध गेला.

आणि परवा रविवारी तो आला. बरोबर त्याची आई, राहीबाई. एसटीने आलेली, पदराला धूळ, हातात शेंगांची पिशवी. आईने चटई टाकली. दादा उंबऱ्यात उभा राहिला, ना आत ना बाहेर.

आबांनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "नाव तिकडं लावलंस. मग हितं काय काम काढलंस?"

लाला म्हणाला, "मागनी घालायला आलोय."

दादा उंबऱ्यातूनच म्हणाला, "नावं बंद झाली, गड्या. आता जावई झालास तरी आमाला काय उपेग?"

"म्हनूनच आलो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण कान तसेच लाल. "आबा, येका संघातनं नाव लागलं की त्या स्पर्धेत दुसरीकडनं खेळता येत न्हाई. ती वाट मी हातानं बंद केली. आधी आलो आसतो तर तुमी म्हनला आसता खेळासाठी आला, आन् यांनीबी तेच म्हनलं आसतं." यांनी म्हणजे मी. मी दाराआड होते, त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. "आता मी तुमच्या काय बी कामाचा न्हाई. आता इचारतो."

राहीबाई म्हणाल्या, "मी ह्याला म्हनलं, आरं, सरळ जाऊन माग की. तर न्हाई म्हनतो, आधी नाव लागू दे. सोयऱ्याच्या इरुद्ध मैदानात उभं ऱ्हाऊन कुनी सोयरीक मागतं का?"

आबा गुडघा चोळत दाराकडे वळले. मग त्यांनी मला हाक मारली. आजवर आबांनी मला चहासाठी, भाकरीसाठी, चष्म्यासाठी हाक मारली आहे. त्या दिवशी म्हणाले, "मने, तुझं काय म्हननं हाय?" चार माणसांत मी म्हणाले, "व्हय." अजून काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढंच निघालं. आई रडायला लागली, राहीबाईंनी तिच्या हातावर शेंगा ठेवल्या. तुळशीच्या लग्नानंतर बघू, असं आबा म्हणाले, म्हणजे झालंच.

मी खूश आहे, अक्का. इतकी खूश आहे की सांगता येत नाही. आणि तरी हे पत्र मी काळजीनेच लिहिते आहे, कारण दादा त्या वेळी जो उठून गेला तो माझ्याशी अजून बोललेला नाही. लग्नात कान पिळायलाही उभा राहणार नाही म्हणाला. आईशी म्हणाला, "भन दिली, खेळाडू गेला, आन् वर गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई."

आज सकाळी दाजींचं कार्ड आलं. चिठ्ठ्या टाकल्या, पहिलाच सामना कोरेगाव विरुद्ध कवठे महांकाळ, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. दादाने ते वाचलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. तू ते हसणं बघितलं नाहीस. दादा बॅकला खेळतो, लाला फॉरवर्डला, म्हणजे सगळा वेळ दादाच त्याच्या अंगावर. गेल्या साली वाईच्या एका पोराची नडगी दादाच्या पायाखाली मोडली होती. मुद्दाम नव्हतं, असं तो आजही सांगतो, आणि मीही आजवर तेच मानत आले. आज दुपारी तो परड्यात बसून बुटांना तेल लावत होता. मी चहा नेऊन ठेवला, त्याने घेतला नाही.

लालाला सांगावा धाडून खेळू नको म्हणावं, तर तो ऐकणार नाही, आणि ऐकलं तर गाव त्याला भित्रा म्हणेल. दाजींना सांगावं, तर ते कमिटीवर, ते एका बाजूने बोलू शकत नाहीत. आबा म्हणतात, मैदानातलं मैदानात. उरलीस तू.

भाऊबीजेला दादा तुझ्याकडेच असेल. तू त्याला ओवाळशील. तो दरवर्षीसारखा विचारेल, ताटात काय घालू. अक्का, यंदा साडी मागू नकोस. मला वाटतं तो माझ्या हाताने ओवाळून घेणार नाही, म्हणून माझ्या वाट्याचंही तूच माग. त्याला म्हण, दोघी बहिणींची मिळून एकच ओवाळणी दे, आणि लालाचे दोन्ही पाय माग. खेळात हरव म्हणावं, वाटेल तेवढे गोल चढव, मी पेढे वाटीन. फक्त दोघं मैदानातून आपापल्या पायांनी चालत बाहेर यावेत. त्याने ताटात हात घालून हो म्हटल्याशिवाय निरांजन खाली ठेवू नकोस.

कोण जिंकावं असं मला विचारू नकोस.

दोन्ही संघांची,
तुझी मनू