दोन काचांमधलं पाणी

गारखेडा,
घटस्थापना

तीर्थरूप अक्कास,

मधल्या भावाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरली आहे आणि माझं खोटं तुला गंगापुरात बसून कळतं. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? आम्ही उभयता ठीक. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तुला ऐकू जावं म्हणून ओरडावं लागतं, ओरडलं की ते दारातून समोरच्या घरात जातं, आणि हा मजकूर समोरच्या घरात जाण्यासारखा नाही.

समोर आपला धाकटा मधू राहतो आणि चार वर्षं आमचा अबोला आहे, हे तुला काय सांगायचं! भाऊबीजेला त्याला सकाळी आणि मला संध्याकाळी ओवाळून तूच दमलीस. (दोनदा स्वयंपाक होतो, हे भाऊजी दरवर्षी ऐकवतातच.) भांडणाचं मूळ एवढंच की तो पहाटे गॅलरीत उभा राहून खाकरतो, आणि मी चार पाहुण्यांदेखत म्हणालो की ह्याच्यापुढं कोंबडासुद्धा लाजेल. त्याला राग आला. येऊ दे की! पण दुसऱ्या दिवसापासून हा बाबा मुद्दाम मोठ्यानं खाकरायला लागला. मग मीही इरेला पेटलो आणि पुढच्या खोलीला दुहेरी काचेची खिडकी बसवली. दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी, कडेनं सगळं हवाबंद, आणि उघडायची सोयच नाही. (तीही मीच हट्टानं नको म्हणालो.) आवाज साफ बंद. मधू तोंड उघडायचा, मान झटकायचा, आणि इकडं चिडीचूप. मी चहा पीत रोज बघायचो.

यंदाच्या पावसाळ्यात त्या काचेवर धुकं धरलं. अंबिका म्हणाली, डाग बाहेरून आहे. मी म्हणालो, आतून आहे. शेवटी दुपारी, मधू झोपलेला असतो तेव्हा, मी कमरेला दोर बांधून सज्जावर उतरलो. ती आतून पुसतेय, मी बाहेरून पुसतोय, दोघंही घामाघूम, आणि डाग जागचा हलेना. ती आतून बोट दाखवी, तुमच्याकडं. मी बाहेरून दाखवायचो, तुझ्याकडं. ऐकू तर कुणालाच काही येईना, त्यासाठीच पैसे मोजलेले. खालच्या मजल्यावरच्या तात्यासाहेबांनी हे पाहिलं आणि अंबिकेनं मला घराबाहेर काढलं असं समजून ते समेट घडवायला चपला घालून वर आले. त्यांना चहा द्यावा लागला.

मग उमगलं की पाणी आतही नाही आणि बाहेरही नाही, ते दोन काचांच्या मध्ये आहे. तिथं कुणाचाच हात पोचत नाही. भागूबाई, आमची भांडेवाली, म्हणाली, "काकू, नजर लागली खिडकीला. लई लोकं बघत्यात." अंबिकेनं खरोखर मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मी सूनबाईचं केस वाळवायचं यंत्र लावून बसलो. काच तापली, फ्यूज उडाला, धुकं होतं तिथंच. काचवाला सांडू आला, त्यानं खिडकीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "साहेब, कडंचा डिंक सुटला, दमट हवा आत शिरली. आता ह्ये पुसून जात नस्तंय. आख्खी काचच बदला, दिवाळीनंतर." अक्का, मी पाटबंधारे खात्यात उभी हयात पाणी अडवण्यात घालवली, आणि घरातलं चमचाभर पाणी मला बाहेर काढता येईना. हसू नकोस.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात मधूच्या छातीत दोन स्टेंट घातले, ते मला दूधवाल्याकडून कळलं. सख्ख्या भावाचं, दूधवाल्याकडून! त्याची बायको गेल्यापासून तो एकटाच आहे. आवाज मी स्वतः बंद केला, आता दिसणंही बंद झालं. सकाळी काचेपलीकडं काहीतरी पांढुरकं हलतं. तो मधू की वाळत घातलेलं धोतर, कळत नाही, कारण वाऱ्यानं धोतरही हलतं. दारात जाऊन बघावं तर मी बघतोय हे त्याला दिसेल, आणि तेवढं पडतं घेणारा मी नाही. मला काळजी नाही, पण जीव थाऱ्यावर नाही. तर तू सहज म्हणून त्याला फोन कर, पहाटे खाकरतोस का विचार, आणि मला कळव. माझं नाव घेऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
व्यंकट

ता. क. काल पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरंच झालं. पोकळीत हवा खेळावी म्हणून आज पहाटे मी ड्रिल मशीननं काचेला बारीकसं भोक पाडायला गेलो. ह्या काचेला भोक पडत नसतं, ती आख्खी फुटते, हे मला फुटल्यावर कळलं. मशीन सटकलं आणि दुसरीही गेली. खोलीभर खडीसाखर झाली आहे. अंबिका माझ्याशी बोलत नाही, म्हणजे आता अबोले दोन.

आणखी एक ता. क. मधूला फोन करू नकोस. काच फुटली तेव्हा तो गॅलरीतच होता. तस्साच खाकरला, अक्का, आणि मग म्हणाला, "दादा, हाताला लागलं का रे?" मी म्हणालो, "नाही." लागलं होतं, रक्त येत होतं. मग तो आत गेला. उद्या पहाटे तो परत बाहेर येईल, मध्ये काच नाही, आणि पुढं काय बोलायचं ते मला काही केल्या सुचत नाही. पत्र पुंजाराम जीपवाल्याच्या हाती देतोय, दुपारपर्यंत तुला मिळेल. तू मोठी आहेस, तूच सांग. मिळाल्या मिळाल्या मला फोन कर. मला ओरडून बोलावं लागेल, समोर ऐकू जाईल. जाऊ दे.