पिवळीच्या अंगावरचे डाग

दि. ११, रविवार सकाळ

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. तुझा नवा नंबर आमच्याकडे नाही, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक आहे. तू गेल्यापासून तुझा नवरा पुष्कळ निवळला आहे. आवाज चढवत नाही, वेळेवर घरी येतो, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो. मासेही बरे आहेत. झालं गेलं विसरून तू परत यावंस असं आम्हा दोघांना वाटतं. अक्षर वाकडं आलं आहे, चालवून घे. टाकीचं झाकण बोटांवर पडलं.

एवढं त्यानं शेजारी बसून लिहून घेतलं आणि वाचूनही पाहिलं. आता केस कापायला गेलाय. रविवारची गर्दी असते तिथं, तेव्हा वेळ आहे. दुसरा कागद घेतलाय, आता माझं लिहिते.

आधी माशांचं, कारण तुला त्यांचा घोर असणार. तुझी ती खाऱ्या पाण्याची टाकी मला कधी आवडली नाही, हे तुला ठाऊक आहे. तो ओलसर वास, काचेवरची बुळबुळ, जाळीला चिकटलेला तो शेंबडासारखा प्रकार. पण तू गेलीस आणि सगळं माझ्या गळ्यात आलं.

तू येशील म्हणून आमच्या चिरंजिवांनी हौसेनं एक निळा मासा आणला. नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायचा, हे तू कंठशोष करून सांगितलं होतंस. यानं पिशवी उघडली आणि सरळ टाकीत ओतला. आठवडाभरात निळा मेला आणि पिवळीच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. दगडाला अंग घासायची बिचारी. कल्ले धाप लागल्यासारखे हलायचे. मला समोर बसून जेवण जाईना.

मग मी तुझ्या ओळखीच्या मासेवाल्याला बोलावलं, तो जाड भिंगांच्या चष्म्याचा. त्यानं पिवळीच्या अंगावरचा चिकट थर अलगद खरवडला, काचपट्टीवर घेतला, आणि तुझं लॅबमधलं जुनं सूक्ष्मदर्शक यंत्र फळीवरून काढून म्हणाला, "काकू, बघा जरा." बघितलं. शी! गोल, केसाळ, स्वतःभोवती सावकाश फिरणारा एक गोळा. कातडीखाली शिरून बसतो आणि मासा जिवंत असताना आतून खातो म्हणे. हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, तरी अंगावर काहीतरी चालतंय असं वाटत राहिलं.

त्यानं उपाय सांगितला. सगळे मासे काढून वेगळ्या टाकीत ठेवायचे आणि तिथं तांब्याचं औषध मोजूनमापून घालायचं. या टाकीत घालायचं नाही, नाहीतर तुझी प्रवाळं आणि गोगलगाई मरतील. आणि ही टाकी दोन-अडीच महिने माशांवाचून तशीच ठेवायची.

चिरंजीव म्हणाले, बघू. तेवढ्यात ठिपके गेलेच की. पिवळी एकदम लख्ख. "बघ, आपोआप बरी झाली. तो लुटायलाच बसलाय," म्हणाला. खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं झालं. मासेवाल्याला फोन करून म्हटलं, आता येऊ नका. तर तो म्हणाला, "काकू, घाई करायची ती आत्ताच. डाग गेले म्हणजे किडा गेला नाही. पोट भरलं म्हणून तो खाली वाळूत उतरलाय. तिथं एकाचे शेकडो होतात आणि परत वर येतात."

आले. या वेळी पिवळीचा पिवळा रंगच दिसेना.

मी म्हटलं, आता मासे हलवायचेच. झाकण उघडून जाळी आत घातली. तो म्हणाला, माझ्या घरात मी सांगेन ते होईल.

पोरी, झाकण पडलं नाही. त्यानं आपटलं. माझी बोटं मध्ये होती, आणि त्याला ती दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मलम लावायला आला. तुझ्या मनगटाला लावायचा तीच ट्यूब, मधोमध दाबलेली. पायाशी बसून रडला, स्वतःच्या हातानं घास भरवला. मुलाची किळस आली, हे काय आईनं लिहायचं असतं? पण आली. तो घास माझ्या तोंडात नुसता फिरत राहिला, गिळवेना. डोळ्यांसमोर ती काचपट्टी. तो वळल्यावर मी मोरीत जाऊन थुंकले.

आता सूज उतरलीय. काल माझा हात हातात घेऊन, उलटसुलट बघून म्हणाला, "झालं ना बरं? मग आता लिही तिला."

तेव्हा पहिल्या पानावरचं सगळं खोटं धर. 'निवळला' हा शब्द त्याचा आहे. माझ्या हातचं आणखी एखादं पत्र आलं, मी अंथरुणाला खिळले असा निरोप आला, तरी येऊ नकोस.

मासेवाला आता एवढ्यात, हा परतायच्या आत, बादल्या घेऊन येतोय. पिवळी आणि ते दोन नारिंगी त्याच्याकडे औषधात राहतील. पिवळीचं तो छातीठोक सांगत नाही. कल्ल्यांत फार शिरलंय म्हणाला. टाकीत खायला कुणी उरलं नाही की किडा उपाशी मरतो, हे मात्र ठामपणे सांगतो. मी विचारलं, "नक्की मरतो?" म्हणाला, "मध्येच कुणी दया येऊन एखादा मासा आत सोडला नाही, तर."

त्याच्याच टेम्पोत पुढं बसून मी माझ्या बहिणीकडे जातेय. दोन लुगडी, चष्मा आणि तुझं ते यंत्र बांधून ठेवलंय. यंत्र येऊन घेऊन जा, तिकडून.

पाकिटावर तुझ्या लॅबचा पत्ता त्यानंच घातलाय, छान वळणदार अक्षरात. मी दोन्ही पानं आत घालते आणि चिकटवते.

तू येऊ नकोस. मी थांबत नाही.

तुझी,
सासू